नाताळचा गोड घास, आजोबांच्याही वाटणीचा

गेल्या वर्षीच्या नाताळात सरावलीच्या आमच्या शेजारघरी घडलेला प्रसंग आहे. शेजारचे काका ८२ वर्षांचे. घराणे मूळचे वसईकडचे. पण त्यांचे आयुष्य गेले ते इथे, चिकूच्या वाडीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून हात पुष्कळसा सावरला, बोलणे सुधारले, गिळणे मात्र पूर्ववत झाले नाही. त्या नाताळात इंग्लंडला शिकणारा नातू सुटीवर आला आणि येताना मोठ्या हौसेने डब्यातले ख्रिसमस पुडिंग घेऊन आला. जेवणे आटोपल्यावर ते वाफवले गेले. वर ब्रँडी ओतून दिवे मालवले, निळसर ज्योत पाहून मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि पहिला घास मानाने काकांना दिला गेला.

पुढची काही मिनिटे त्या घरातले कोणी विसरणार नाही. मनुका, संत्र्याच्या सालीचा पाकवलेला तुकडा आणि चिकट लगदा असा तो घास घशाशी अडला. काकांना खोकता येत होते म्हणूनच ते निभावले. पण त्यानंतर घराने एक निर्णय मुकाट्याने घेऊन टाकला. यंदा डिसेंबर लागताच त्यांच्या सूनबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, या खेपेला बाबांना नाताळच्या रात्री खोलीतच पेज देणार आहे. गोडाचे ताट त्यांच्यासमोर आणायलाच नको.’’

सूनबाईंच्या बोलण्यात निष्ठुरता नव्हती, भीती होती. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाला ही भीती किती पोखरते, हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. तरीही मला ते पटेना. वर्षभर पेज, भरडी, कुस्करलेली पोळी खाणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशीही वेगळे बसवायचे, म्हणजे त्याने आजारी असल्याचे त्या दिवशी जरा अधिकच स्पष्टपणे सांगायचे. तेव्हा पुडिंगऐवजी असे काय करता येईल, की जे काकांना सुखरूप खाता येईल आणि घरातल्या सगळ्यांना आवडीने खावेसे वाटेल, याचा विचार आम्ही दोघींनी आठवडाभर केला. आजचा लेख त्याच खटाटोपाची हकीकत आहे.

आधी त्या पुडिंगविषयी. इंग्रजी ख्रिसमस पुडिंग म्हणजे मनुका, बेदाणे, पाकवलेल्या साली, पावाचा चुरा, काळसर साखर, अंडी, मसाले, मद्य आणि गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी यांचा कित्येक तास वाफवलेला गोळा. ख्रिस्त आणि त्याचे १२ शिष्य म्हणून त्यात १३ जिन्नस घालावेत, असा संकेत सांगितला जातो. नाताळच्या कित्येक आठवडे आधी ते करून मुरत ठेवतात. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेने त्याला घरोघरच्या नाताळाचे चिन्हच करून टाकले. थंड देशात, फळे मिळत नाहीत अशा ऋतूत, सुकवलेल्या मेव्याचा आणि चरबीचा असा पदार्थ निघावा हे साहजिकच आहे. डहाणूत मात्र डिसेंबरमध्ये झाडे चिकूंनी लगडलेली असतात.

शिवाय हे पुडिंग इथल्या नाताळाची जुनी परंपराही नव्हे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. ‘नाताळ’ हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्या काळापासून उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांतला सणाचा फराळ तांदूळ, नारळ, गूळ, रवा आणि अंडी यांच्याच आधाराने वाढला. करंजीची बहीण शोभावी अशी नेवरी, काट्यावर वळलेले कलकल, रवा-नारळाचा भाजलेला केक, ताडीने फुगवलेले तांदळाचे सांदण, ही त्यातली नावे. तेव्हा पुडिंगला पर्याय शोधायला दूर जायचे कारण नव्हते.

पण जुने ते सगळेच म्हाताऱ्यांना सोसते, असेही समजू नये. कलकल आणि नेवरी तळलेली, कोरडी, दाताखाली भुगा होणारी. हा भुगा घशात पसरतो आणि ज्याचे गिळणे मंदावले आहे त्याला ठसका लावतो. गोव्याकडचे दोदोल चवीला अप्रतिम, पण ते कवळीला असे चिकटते की कवळी हातात घेऊनच उठावे लागते! पेरूची पेराद म्हणजे जवळजवळ साखरेची वडी. बेबिंका मऊ खरी, परंतु अंड्यातले पिवळे बलक, साखर आणि तूप यांची ती थरांवर थर रचलेली उतरंड. निरोगी माणसाने एक पातळ काप खावा आणि समाधान मानावे.

माझा पहिला बेत चिकूच्या सांदणाचा होता. कोकणात फणसाच्या किंवा आंब्याच्या रसातली सांदणे उन्हाळ्यात होतात. तोच हिशेब हिवाळ्यात चिकूला लावायचा. चिकू हे मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेतले झाड. त्याच्या चिकापासून तिकडे पूर्वी च्युइंगगम करीत. आपल्या घोलवड-डहाणूच्या किनाऱ्यावर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजले आणि इतके इथले झाले, की डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असे फळ दारात असताना परदेशातून आलेल्या मनुकांवर अडून का बसावे?

सांदणासाठी एक वाटी तांदळाचा रवा अर्धी वाटी कोमट पाण्यात आणि दोन चमचे दह्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावा. पूर्वी इथे ताडी घालीत. ताडीने सांदण जाळीदार होते, पण घरात औषधे घेणारी वडीलधारी माणसे असतील तर दहीच बरे. डिसेंबरच्या थंडीत आंबण्याची क्रिया मंद असते, म्हणून भांडे चुलीच्या किंवा गॅसच्या उबेजवळ ठेवावे. सकाळी त्यात दीड वाटी चिकूचा गर, अर्धी वाटी नारळाचे दाट दूध, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालावे. पीठ इडलीच्या पिठाइतके सैल हवे. तूप लावलेल्या इडलीपात्रात वीस मिनिटे वाफवावे. सुरी घालून पाहिली असता कोरडी निघाली म्हणजे झाले. एवढ्यात बारा-तेरा सांदणे होतात.

चिकू निवडताना घाई नको. नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवा रंग दिसला तर फळ कच्चे, पिवळसर-तपकिरी दिसला तर तयार. कच्च्या चिकूचा तुरटपणा वाफवल्यानेही जात नाही. आणि बिया मोजून काढाव्यात. चिकूच्या बीला टोकाशी एक बारीक आकडा असतो. ती चुकून गिळली गेली तर घशात अडकू शकते. गर मिक्सरमध्ये फिरवण्याआधी तो हातानेच कुस्करून चाचपावा, म्हणजे एकही बी राहत नाही.

सांदणे सुरेख झाली. मी वाडगा भरून शेजारी नेली आणि तिथे माझी चूक माझ्या पदरात पडली. सूनबाईंनी एक सांदण चमच्याने दाबले, मोडले आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे मऊ आहे, पण बाबांच्या तोंडात याचे कण सुटे होतील.’’ त्यांचे बरोबर होते. मऊ असणे आणि गिळायला सोपे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते दात नसलेल्या आजींना सांदण उत्तम. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे ज्यांचे गिळणे बिघडले आहे, त्यांना मात्र ओलसर, एकजीव आणि चमच्यावर एकत्र राहणारा घास लागतो. गिळण्याच्या विकारांसाठी अन्न आणि पेये यांची ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. कोणाला कोणती पायरी चालेल, हे स्पीच थेरपिस्टने तपासून ठरवायचे असते. काकांना घट्ट, गुळगुळीत लगद्याची पायरी सांगितलेली होती.

मला वाटले, सांदणावर नारळाचे दूध ओतले म्हणजे प्रश्न सुटेल. तोही भ्रमच. पातळ द्रव आणि त्यात तरंगणारे तुकडे ही जोडी सर्वांत कठीण, कारण द्रव पुढे धावतो आणि तुकडा मागे रेंगाळतो. शेवयांची किंवा अख्ख्या तांदळाची पातळ खीर म्हाताऱ्या माणसासाठी आपण हमखास करतो, ती याच कारणाने काहींना ठसका लावते. जेली आणि आइस्क्रीम मऊ वाटतात, परंतु तोंडात वितळून पाण्यासारखी होतात. ज्यांना पातळ द्रव वर्ज्य आहेत त्यांना तीही चालत नाहीत. पदार्थ योग्य आहे की नाही हे पाहण्याची एक घरगुती कसोटी आहे. चमचाभर घ्यावा आणि चमचा तिरपा करावा. घास आकार न मोडता, चमच्याला फारसा न चिकटता, एका गोळ्याने घसरला पाहिजे. पाण्यासारखा वाहिला तर पातळ, चिकटून बसला तर घट्ट.

या कसोटीला अखेर उतरले ते आपल्या घरोघरी ‘पुडिंग’ म्हणूनच ओळखले जाणारे साधे दुधा-अंड्याचे कस्टर्ड. नाव पुडिंगचेच, त्यामुळे नातवाचाही मान राहिला. अर्धा लिटर दूध कोमट करून त्यात दोन मोठे चमचे साखर विरघळवावी. तीन अंडी फेस न आणता हलकेच फेटावीत, दुधात मिसळावीत आणि सगळे बारीक गाळणीतून गाळावे. थोडे जायफळ. पाच लहान वाट्यांत ओतून प्रत्येकीवर झाकण ठेवावे आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. आच मोठी झाली की कस्टर्डला छिद्रे पडतात आणि पाणी सुटते. हे सुटलेले पाणी आपल्यासाठी नुसते वाईट दिसणारे, काकांसाठी धोक्याचे. मध्यभागही पूर्ण घट्ट झाला पाहिजे, कारण वृद्धांना कच्चे अंडे देऊ नये. निवल्यावर वर चिकूच्या गराचा पातळसा थर द्यावा. चिकूचा गर कणीदार असतो, म्हणून तो मिक्सरमधून काढून चाळणीतून घासूनच घ्यावा.

अशा एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि उतारवयात जेवण कमी झालेल्या माणसाला ती हवीच असतात. अंडी न खाणाऱ्या घरांनी नाचणीच्या सत्त्वाची घट्ट खीर करावी. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर त्यातले काही जाते, तरी पदार्थ गुणाचाच राहतो. ही खीर निवताना घट्ट होत जाते, त्यामुळे चमच्याची कसोटी वाढतेवेळी पुन्हा घ्यावी.

आता साखरेविषयी, कारण या पाक्षिकाचे निम्मे वाचक तरी तेच विचारतील. गूळ घातला म्हणजे पदार्थ मधुमेह्यांना चालतो, ही समजूत आपण लवकर सोडलेली बरी. गूळ बहुतांशी साखरच आहे. रक्तातली साखर तोही जवळजवळ तितकीच वाढवतो. खजुराचेही तसेच. चिकू तर स्वतःच गोड: १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम कर्बोदके, जमेची बाजू त्यातल्या तंतूंची. वर सांगितलेल्या मापाच्या एका सांदणात साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणजे जवळपास एका फुलक्याइतकी. मधुमेह असलेल्या आजींनी एक सांदण खायचे तर त्या जेवणातला एक फुलका किंवा तेवढा भात कमी करावा, आणि गोड जेवणाबरोबरच खावे, मधल्या वेळी नुसते नको. मात्र गोड खायचे आहे म्हणून जेवणच टाळू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपास घडला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियमवर बंधन आहे, त्यांनी सुकामेवा, नारळाचे दूध आणि गूळ यांविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

साखर कमी केली की पदार्थ फिका लागतो, अशी तक्रार होते. वय वाढते तसे वासाचे ज्ञान मंदावते आणि चवीचा मोठा भाग वासातच असतो. म्हणून साखरेची कसर जायफळ, वेलची, दालचिनी यांनी भरून काढावी. वेलची पूड करून चाळून घ्यावी. सालीचा तुकडा राहू नये.

मद्याचा प्रश्न उरला. पेटवले की मद्य उडून जाते, असे मानून पुष्कळजण निश्चिंत असतात. ज्योत विझते तेव्हाही त्यातले बरेचसे शिल्लक असते, शिवाय मुरवताना आत गेलेले वेगळेच. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, झोपेची औषधे, मधुमेहाच्या काही गोळ्या, मेट्रोनिडाझोलसारखे जंतुनाशक, यांच्याबरोबर मद्य नकोच. एका घासात किती असणार, असे म्हणण्यापेक्षा ज्योतीची हौस मेणबत्तीवर भागवावी.

घास कसा द्यायचा, हेही घासाइतकेच महत्त्वाचे. माणूस पूर्ण जागा, पाठ ताठ, पाय टेकलेले. लहान चमचा, समोर बसून, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. खाताना त्यांच्याशी बोलायला लावू नये. आपण हवे तेवढे बोलावे. नंतर तोंड स्वच्छ करावे आणि निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता होत असेल, वारंवार ठसका लागत असेल किंवा कारण नसताना ताप येत असेल, तर अन्न फुप्फुसाकडे जात असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवावे.

आणि घास अडकलाच तर? माणूस खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, पाणी पाजू नये, घशात बोटे घालू नयेत. आवाजच फुटत नसेल, श्वास जात नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा द्याव्यात. तरी सुटले नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत. हे आलटून पालटून चालू ठेवावे आणि दुसऱ्या कोणीतरी तोवर १०८ क्रमांकाला फोन लावावा. हे एकदा शिकून घेणे चांगले. गेल्या वर्षी त्या घरातल्या आठ माणसांत एकालाही ते ठाऊक नव्हते, मलाही अर्धवटच.

मागच्या रविवारी आम्ही कस्टर्डची रंगीत तालीम केली. सणाच्या दिवशी प्रथमच प्रयोग करू नये, असा माझा आग्रह होता. दुपारी, काका ताजेतवाने असताना, खिडकीपाशी खुर्चीत बसवून सूनबाईंनी पहिला चमचा दिला. त्यांचा हात थरथरत होता. काकांनी घास तोंडात घोळवला, गिळला, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दुसरा. तिसऱ्या चमच्यानंतर म्हणाले, ‘‘ताडीचा वास नाही.’’ सांदणाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, हे उघड होते. सूनबाई हसल्या, मग पदराने डोळे टिपू लागल्या. मी चिकूच्या बिया आवरण्याचे निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

आता बेत असा ठरला आहे. चोवीस तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरची मंडळी परततील तेव्हा काका झोपलेले असतील. त्यांना उठवून काही भरवायचे नाही. गोडाची पंगत दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांची एकत्र. सांदणे थाळ्यात मधोमध राहतील, आणि कस्टर्डच्या वाट्या सर्वांच्या पुढे सारख्याच. नातवाने तिकडून फोनवर विचारले, या खेपेला पुडिंगचा डबा आणू का. सूनबाईंनी त्याला सांगितले, डबा नको, येताना बारीक जाळीची एक चांगली गाळणी घेऊन ये.